पाहुणा आणि पाहणारा

एखादें सुंदर शहर पाहावयास मिळावें, असा प्रत्येक मनुष्याचा हक्क आहे काय? प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटतो. ज्याच्या खिशांत पैसा आहे आणि पायांत बळ आहे त्यानें जावें, पाहावें, परत यावें. त्यांत हक्काचा आणि नीतीचा संबंध कोठें येतो, असें कोणीहि म्हणेल. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत युरोपांतील कांहीं जुन्या बंदरांनीं हाच प्रश्न मोठ्यानें विचारला आहे, आणि तो विचारणें त्यांना भाग पडलें तें विहारनौकांमुळें. समुद्रकिनाऱ्याची शोभा पाहत, रोज सकाळीं एका नव्या ऐतिहासिक बंदरांत उतरत आठ दिवसांची सहल करावयाची, ही आज जगांतील एक मोठी हौस झाली आहे. वर्षाला तीन कोटींहून अधिक माणसें ती पुरवून घेतात. आपल्याकडील सुखवस्तु घरांतहि, मुलगा परदेशीं स्थिर झाला कीं आईवडिलांना एकदां तरी अशा जहाजावर बसवितो. तेव्हां हा प्रश्न आतां आपल्याहि उंबरठ्याशीं आला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या सहलींची परंपरा फार जुनी नाहीं. १८४४ सालीं एका इंग्रज आगबोट-कंपनीनें थॅकरे या कादंबरीकाराला भूमध्यसमुद्राची सफर फुकट घडविली. त्याचें प्रवासाचें पुस्तक झालें आणि कंपनीची जाहिरात झाली. पुढें २२ जानेवारी १८९१ रोजीं ‘औगुस्टा व्हिक्टोरिया’ ही जर्मन आगबोट २४१ उतारू घेऊन त्याच समुद्राकडे निघाली. तिच्या कंपनीचा सूत्रधार आल्बर्ट बालिन याची अडचण अशी होती कीं, हिवाळ्यांत अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि एवढें थोरलें जहाज धक्क्याला नुसतें उभें राहून खर्च खाई. म्हणजे प्रवासासाठीं जहाज निघालें नाहीं, जहाजासाठीं प्रवास निघाला. या धंद्याची ही जन्मपत्रिका ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्याच वंशांतील, २०२४ सालीं पहिली सफर केलेलें एक जहाज ३६५ मीटर लांब असून त्यांत सात हजारांहून अधिक उतारू मावतात. शिवाय पोहण्याचीं तळीं, नाटकगृहें, दुकानें आणि एक बागहि.

हा प्रश्न जेथें अगदीं उघडा पडतो तो भाग म्हणजे एड्रियाटिक समुद्राचा किनारा. वर टोकाला व्हेनिस, खालीं क्रोएशियांतील डुब्रॉव्हनिक आणि त्याच्याहि खालीं मॉन्टेनेग्रोंतील कोटोर, ही या सहलीची ठराविक माळ. कोटोरच्या खाडींत जहाज शिरतें त्या वेळचें दृश्य फार सुंदर. समुद्र डोंगरांच्या पोटांत वळणें घेत घुसलेला. एके ठिकाणीं तर दोन्ही तीर एकमेकांपासून सुमारें ३४० मीटरांवर येऊन ठेपतात, आणि त्या चिंचोळ्या वाटेंतून पलीकडे गेलें कीं एकाएकीं पाणी पसरतें व पेरास्त हें दगडी घरांचें गांव समोर येतें. गांवासमोर पाण्यांत दोन बेटें आहेत. एक निसर्गानें केलें, दुसरें माणसांनीं. पंधराव्या शतकांत तेथील एका खडकावर मेरीमातेची तसबीर सांपडली अशी कथा आहे. तेव्हांपासून सफरीहून सुखरूप परतलेल्या खलाशानें तेथें एक धोंडा टाकावा असा प्रघात पडला. जुनीं तारवेंहि दगडांनीं भरून तेथें बुडविलीं. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या या कष्टांतून एक बेट व त्यावर एक प्रार्थनामंदिर उभें राहिलें. आजहि दर वर्षीं २२ जुलैला गांवकरी होड्या एकमेकींना बांधून नेतात आणि दगड टाकतात. विहारनौका या बेटाजवळून जाते तेव्हां वरच्या गच्चीवर शेंकडों छायाचित्रें निघतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. फक्त एवढेंच कीं, एकानें कांहीं ठेविलें, दुसऱ्यानें कांहीं नेलें.

जुन्या काळीं परक्या बंदरांत उतरणें ही इतकी सोपी गोष्ट नव्हती. डुब्रॉव्हनिकच्या सभेनें १३७७ सालीं कायदा केला कीं, प्लेगची सांथ असलेल्या मुलखांतून येणाऱ्यानें जवळच्या ओसाड बेटावर किंवा त्सावतात या गांवीं तीस दिवस काढल्यावांचून शहरांत पाऊल टाकूं नये. व्हेनिसनें १४२३ सालीं एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठीं कायमचें इस्पितळ घातलें. पुढें वेगळें राहण्याची मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि चाळीस या अर्थाच्या तेथील शब्दावरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला. रोगाची गोष्ट सोडली, तरी जर्मन व्यापाऱ्याला व्हेनिसमध्यें वाटेल तेथें बिऱ्हाड करतां येत नसे. रिआल्टोच्या पुलाजवळ सरकारनें बांधलेल्या मोठ्या वखारींतच त्यानें राहावें आणि माल तेथेंच ठेवावा, असा दंडक होता. यांत आदरातिथ्यापेक्षां संशय आणि जकातीचा लोभच अधिक होता, हें मी जाणतों. परंतु संशय हाहि एक संबंधच आहे. ज्याचा शहराला संशय येतो त्याची तें दखल तरी घेतें. आणि त्या व्यापाऱ्यालाहि शहराची गरज असे: गोडें पाणी, शिधा, दुभाषी, उधारी, शिडाची डागडुजी, आजारपणांत वैद्य. गरज असली म्हणजे माणसाच्या वागण्याला आपोआप एक वळण लागतें. तो चार शब्द तेथले शिकतो, कोणाचा राग ओढवूं नये म्हणून जपतो, पुढच्या खेपेला पुन्हां याच दारांत उभें राहावयाचें आहे हें विसरत नाहीं.

विहारनौकेच्या उतारूला बंदराची कसलीहि गरज नसते. त्याचें अंथरूण, त्याचें जेवण, त्याचा वैद्य, त्याची करमणूक हीं सर्व त्याच्याबरोबर पाण्यावरून आलेलीं असतात. सकाळीं आठाला तो उतरतो, दुपारीं जेवावयास कित्येकदां जहाजावरच परततो आणि संध्याकाळीं पांचाला निघून जातो. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, असा त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे परंपरेनें सांगतात. येथें तर तिथिच काय, तास आणि मिनिटेंहि दीड-दोन वर्षें आधीं छापलेलीं असतात. अतिथि अवचित येतो म्हणून यजमानाची परीक्षा होते; आणि तो आपल्या दयेवर आहे म्हणून ती परीक्षा मोलाची ठरते. या नव्या पाहुण्यापुढें यजमान परीक्षेला बसतच नाहीं, कारण त्याच्याकडे कोणी कांहीं मागत नाहीं. मागणें एकच, कीं त्यानें दिसत राहावें. शहर हें माणसांचें घर न राहतां डोळ्यांचा विषय होतें, आणि पाहुण्याच्या जागीं नुसता पाहणारा येतो. माझ्या मतें या सहलींतील खरा नैतिक दोष येथें आहे. गर्दी, धूर, गोंगाट हीं नंतरचीं.

हा विचार मी एका स्नेह्यांना बोलून दाखविला. ते नुकतेच सपत्नीक ही सहल करून आले होते. शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेले, गुडघे अधू, आणि युरोपचा इतिहास तीस वर्षें मुलांना शिकविलेला. ते शांतपणें म्हणाले, “तुमचें म्हणणें ऐकावयास बरें वाटतें. पण मी व्हेनिसला महिनाभर बिऱ्हाड करावें आणि तेथल्या वाण्याशीं इटालियनमध्यें हुज्जत घालावी, एवढी माझी मिळकत नाहीं, आणि गुडघेहि नाहींत. रोज नवें हॉटेल, रोज सामान उचलणें मला होत नाहीं. जहाजानें माझी खोलीच त्या गांवाला नेली, म्हणून मला तें गांव दिसलें. तुमच्या नीतीनें मी घरीं बसावयाला हवें होतें काय?”

याला उत्तर देणें सोपें नाहीं. पायीं जाणाऱ्यांनीं आगगाडीनें येणाऱ्यांना हिणवावें, मोटारवाल्यांनीं बसवाल्यांना, ही रीत जुनी आहे, आणि तिच्यांत सौंदर्यप्रेमापेक्षां वर्गाभिमानच पुष्कळदां अधिक असतो. थोडक्यांना परवडणारें सुख पुष्कळांना मिळूं लागलें कीं त्या थोडक्यांना त्यांत एकाएकीं ग्राम्यपणा दिसूं लागतो. माझ्या स्नेह्यांनीं डुब्रॉव्हनिकच्या तटावर उभें राहून जें पाहिलें तें कोणा सरदाराच्या पाहण्याहून हलकें होतें असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. ६ डिसेंबर १९९१ रोजीं याच शहरावर तोफांचा भडिमार झाला होता, आणि त्याचीं फुटलेलीं कौलें नवीं घालण्यांत आलीं आहेत, हें त्यांना ठाऊक होतें. नव्या कौलांचा तांबडा रंग कोठें वेगळा दिसतो तें त्यांनीं शोधून पाहिलें. हें पाहणें उथळ खास नव्हे.

तेव्हां एकट्या माणसाचा हक्क आणि जहाजाचा हक्क हे दोन निराळे धरले पाहिजेत. कांट या तत्त्ववेत्त्यानें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर जो प्रबंध लिहिला त्यांत परक्याच्या हक्काची चर्चा आहे. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे. माणसें अनंत दूर पसरूं शकत नाहींत, त्यांना एकमेकांना सोसून घेणें प्राप्त आहे. म्हणून शांततेनें येणाऱ्या परक्याला शत्रू समजूं नये, हा त्याचा पहिला मुद्दा. पण हा हक्क भेटीचा. घरांत पाहुणा म्हणून राहण्याचा नव्हे, त्यासाठीं वेगळा करार हवा. आणि लगोलग तो बजावतो कीं, युरोपच्या व्यापारी राष्ट्रांनीं दूरच्या देशांना ज्या ‘भेटी’ दिल्या त्या भेटी नसून लूट होती. कांट स्वतः क्योनिग्सबर्ग या बंदराच्या शहरीं जन्मला आणि त्या प्रांताबाहेर कधीं गेला नाहीं. बसल्या जागीं त्याला जें दिसलें तें फिरणाऱ्यांना पुष्कळदां दिसत नाहीं. त्याची फोड मला येथें उपयोगी वाटते. भेटीचा हक्क माणसाचा आहे, माझ्या स्नेह्यांचा आहे. तो कोणा कंपनीनें हजारांनीं गोळा करून, त्याची एकच मोट बांधून, एका सकाळीं एका वेशींतून आंत ढकलावा, असा तो हक्क नाहीं. डुब्रॉव्हनिकच्या तटाच्या आंत आतां दीड-दोन हजार माणसें राहतात. दोन जहाजें एकदम आलीं तर घरच्यांपेक्षां पाहणारे कित्येक पटींनीं अधिक होतात. एकेकट्याचें वागणें कितीहि सभ्य असलें तरी अशा वेळीं भेट ही भेट राहत नाहीं.

व्हेनिसची कथा तर सर्वश्रुत आहे. १९५१ सालीं त्या जुन्या शहरांत सुमारें १,७५,००० लोक राहत. २०२२ सालीं तो आंकडा ५०,००० च्या खालीं गेला. रिआल्टोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या कांचेंत २००८ पासून हा घटता आंकडा लावून ठेविलेला आहे. याचें सारें खापर जहाजांवर फोडणें अन्यायाचें होईल: घरभाडीं, नोकऱ्या, पुराचें पाणी हीं कारणें आहेतच, आणि बहुतेक प्रवासी जमिनीवरूनच येतात. परंतु घरांच्या छपरांहून उंच जहाज जेव्हां कालव्यांतून सरकत जातें तेव्हां वरचा मनुष्य शहराकडे अक्षरशः वरून खालीं पाहतो. ही गोष्ट तेथील लोकांच्या मनाला जितकी लागली तितकी दुसरी कोणती लागली नसेल. २०१७ सालीं त्यांनीं आपण होऊन मतदान घेतलें. त्याला कायद्याचें बळ नव्हतें, तरी १८,००० हून अधिक लोकांनीं मत दिलें, आणि तें जवळजवळ एकमुखानें या जहाजांच्या विरुद्ध पडलें. २ जून २०१९ रोजीं असेंच एक जहाज ताबा सुटून धक्क्यावर आणि एका प्रवासी नौकेवर आदळलें, माणसें जखमी झालीं. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरचा जलमार्ग बंद झाला. डुब्रॉव्हनिकनेंहि २०१९ पासून जहाजांच्या संख्येला आळा घातला.

मला हे निर्बंध योग्य वाटतात, कारण ‘या’ म्हणण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याचाच ‘आज पुरे’ म्हणण्याचा अधिकार आहे. तो टीकाकाराचा नाहीं, माझाहि नाहीं. त्या घरांत राहणाऱ्यांचा आहे. त्यांच्यांतहि मतभेद असतो; धक्क्यावरचा हमाल आणि वाटाड्या यांची भाकरी जहाजावर अवलंबून असते, आणि त्यांचें ऐकल्यावांचून घेतलेला निर्णय निम्माच न्यायाचा. २०२४ च्या २५ एप्रिलपासून व्हेनिसनें ठराविक दिवशीं, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पांच युरो घेण्यास आरंभ केला. हा उपाय मात्र मला रुचत नाहीं. तिकीट काढलें कीं पाहणाऱ्याच्या मनांत उरलासुरला संकोचहि नाहींसा होतो. दाम दिला, आतां दाखवा, असें तो म्हणूं लागतो.

२०२० सालीं थोडे महिने सारेंच उलटें झालें. फेब्रुवारींत योकोहामाच्या बंदरांत ३,७११ माणसांनीं भरलेलें एक जहाज सांथीमुळें अडकून पडलें. दुसऱ्या एका जहाजाला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचीं बंदरें आश्रय देईनात. त्यावर चार माणसें दगावलीं आणि एप्रिलमध्यें फ्लोरिडांत त्याला कशीबशी जागा मिळाली. कांटच्या प्रबंधांत याचाहि उल्लेख यावा हें नवल आहे: परक्याला परत पाठवितां येईल, परंतु त्यांत त्याचा नाश होणार नसेल तरच. ज्यांना बंदराची कांहीं गरज नव्हती त्यांना अवघ्या आठवड्याभरांत पाणी, औषध आणि पाय टेकण्यापुरती जमीन यांची याचना करावी लागली. त्या जहाजांवर आपलीहि माणसें होतीं, परंतु बहुतेक उतारू म्हणून नव्हे. गोव्यांतील आणि कोंकणपट्टींतील पुष्कळ मुलें या नौकांवर स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणारे म्हणून काम करतात. योकोहामाला अडकलेल्या जहाजावर शंभरांहून अधिक हिंदी नोकर होते, आणि उतारू खोल्यांत कोंडलेले असतां त्यांच्या दारीं जेवण पोंचविण्याचें काम नोकरवर्गाकडेच होतें. एप्रिलांत मुंबईबाहेर एक जहाज आपले नोकर घेऊन उभें राहिलें, आणि स्वतःच्याच बंदरांत उतरण्यासाठीं त्यांना सरकारी परवानगीची वाट पाहावी लागली.

माझ्या स्नेह्यांना जहाजावर रोज चहा आणून देणारा मुलगा मडगांवकडचा होता. उन्हाळाभर दर आठवड्याला त्याचें जहाज डुब्रॉव्हनिकला लागे. तुला हें शहर आतां पाठ झालें असेल, असें ते त्याला म्हणाले. तो हंसला. उतारू खालीं गेले कीं खोल्या आवरावयाच्या असतात. दोन हंगामांत तो दोनदांच शहरांत गेला होता. एकदां घरीं पैसे पाठविण्यासाठीं, आणि एकदां दाढ दुखत होती म्हणून. त्या दंतवैद्याच्या दारावर दुपारची पाटी लागलेली होती, तरी त्यानें दार उघडलें. तट कोठून दिसतो तें त्या मुलाला नीट सांगतां येईना. दंतवैद्याची गल्ली मात्र त्यानें कागदावर काढून दाखविली.