आपली बुद्धी कोणी मोजावी?



आपली बुद्धी किती, हे माणसाला स्वतःला कितपत कळते? फारसे कळत नसावे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली विद्यार्थ्यांच्या तर्काच्या व व्याकरणाच्या परीक्षा घेतल्या आणि आपण कितव्या पायरीवर असू, असे त्यांनाच विचारले. शंभर पायऱ्या धरल्या, तर सर्वांत खालच्या गटातील मुले सरासरी बाराव्या पायरीवर होती. त्यांना मात्र आपण बासष्टाव्या पायरीवर आहोत असे वाटत होते. (यातील काही भाग निव्वळ आकडेमोडीचा परिणाम आहे, असे पुढे इतर अभ्यासकांनी दाखवले. पण तो वाद येथे नको.) हे ऐकून आपण हसतो, कारण प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो!

याच अभ्यासाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. हुशार मुलांनी स्वतःला खऱ्या जागेपेक्षा खाली धरले होते. आपल्याला जमले ते सर्वांनाच जमले असेल, असा त्यांचा समज होता. इतरांच्या उत्तरपत्रिका पाहिल्यावर त्यांनी आपला अंदाज सुधारला.

ही दुसरी चूक खानदेशाच्या ओळखीची आहे. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गाणी रचत, आणि घरातली मुले ती उतरवून घेत. १९५१ साली त्या वारल्या. चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरी आईची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवताना त्यांना संकोच वाटला, असे सांगतात. अत्र्यांनी ती वाचली म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांच्या पदवीपत्रावर आता ते असते.

आमच्या भगिनी बचत गटाचे हप्ते तोंडपाठ सांगतात, कापसाच्या काट्यावर व्यापाऱ्याची लबाडी पकडतात, आणि मिस्सेनंतर म्हणतात, "आम्ही अडाणी, फादर." याला आपण नम्रता समजून मान डोलावतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तसे केले नसते. स्वतःला पेलेल त्यापासून मागे सरणाऱ्या मनाच्या कोतेपणाला त्यांनी पाप म्हटले आहे, आणि दाखला दिला आहे धन्याचा पैसा भीतीने जमिनीत पुरणाऱ्या दासाचा. त्यांच्या मते फुशारकी आणि हा कोतेपणा, दोन्ही मोजमापाच्याच चुका.

याची किंमत बहुधा मुली भरतात. अनेक देशांच्या पाहण्यांत आईबाप मुलाची बुद्धी मुलीपेक्षा वरची धरतात, असे आढळले आहे. प्रत्यक्ष चाचण्यांत तेवढा फरक दिसत नाही. दहावीचा निकाल लागला की "हिला पुढे झेपणार नाही" हे वाक्य घरात कधी आई बोलते, कधी मुलगी स्वतःच. अकरावीचा अर्ज बाजूला ठेवण्याआधी तिला शिकवणाऱ्या बाईंना एकदा भेटून विचारा. त्यांनी चाळीस जणांच्या वह्या तपासलेल्या असतात. आपण घरातली एकच वही पाहिलेली असते, तीही क्वचित.