खेळातला शिपाई आणि कपाटातला शिपाई

संग्रह करणे ही माणसाची जुनी ओढ आहे आणि तिचे समर्थन सहसा कोणी मागत नाही. नाणी, तिकिटे, दिवे किंवा पोथ्या जमवणाऱ्याविषयी फार तर घरची माणसे जागेची आणि पैशांची तक्रार करतात. खेळण्यांचा, आणि त्यातही खेळण्यातल्या सैनिकांचा संग्रह समोर आला की प्रश्न निराळा होतो. जुनी पोथी आजही वाचता येते, जुना दिवा आजही लावता येतो. त्यांचा मूळचा धर्म प्रौढाच्या हातातही शाबूत राहतो. खेळणे ज्याच्यासाठी घडले ते मूल असते आणि ते जमवणारा प्रौढ असतो. शिवाय हा शिपाई ज्या गोष्टीचे रूप धारण करतो, ती गोष्ट युद्ध आहे. अशा रीतीने जेमतेम दोन इंच उंचीच्या एका प्लास्टिकच्या आकृतीत दोन नैतिक प्रश्न एकत्र उभे असतात. मुलाची वस्तू प्रौढाने कोणत्या अधिकाराने अडवून ठेवावी? आणि हिंसेची प्रतिमा प्रेमाने जपण्यात निष्पापपणा कितपत उरतो?

हे प्रश्न भिलाईसारख्या गावी बसून विचारण्यात एक औचित्य आहे. हे गाव कारखान्याने वसवले. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भारताच्या बहुतेक प्रांतांतली माणसे, त्यांत विदर्भातली आणि उर्वरित महाराष्ट्रातलीही, पोटापाण्यासाठी येथे आली. रशियन अभियंत्यांची कुटुंबेही काही वर्षे येथे राहिली. येथल्या हुडको वसाहतीचे नाव म्हणजे तर घरबांधणीला कर्ज देणाऱ्या एका सरकारी महामंडळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. ज्या वस्तीच्या नावामागे कोणी संत, राजा वा ग्रामदेवता नाही, तेथल्या माणसाला आपली स्मृती स्वतःच गोळा करावी लागते. म्हणून अशा वसाहतीतल्या एका घरात काचेचे एक कपाट आहे, अशी कल्पना करू. त्यात एअरफिक्स कंपनीचे ब्रिटिश शिपाई आहेत, हिरव्या रंगाचे अमेरिकन आहेत, जर्मनीच्या एलास्टोलिनचे आणि फ्रान्सच्या स्टारलक्सचे रंगवलेले सैनिक आहेत, टोकदार टोपीचे लाल सेनेचे घोडेस्वार आहेत, आणि या साऱ्यांची नक्कल करून हाँगकाँगच्या कारखान्यांनी काढलेली स्वस्त मंडळीही आहेत. या कपाटाचा न्याय कसा करावा?

प्रथम या वस्तूची कुळकथा पाहिली पाहिजे. इंग्लंडमधील ब्रिटन्स या घराण्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली. त्यापूर्वीचे भरीव शिपाई महाग असत. पोकळपणामुळे धातू वाचला, किंमत उतरली आणि राजपुत्रांचे खेळणे मध्यमवर्गीय मुलाच्या हाती आले. त्या शिपायांची चोपन्न मिलिमीटरची उंची पुढे जगभर जणू प्रमाणभाषेसारखी रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे प्लास्टिक आले. १९३३ साली इंग्लंडमधल्या एका रासायनिक प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे सापडलेले पॉलिथीन युद्धानंतर खेळण्यांच्या साच्यांत ओतले जाऊ लागले. शिसे मुलांना विषारी ठरते हे मान्य होऊन १९६६ च्या सुमारास ब्रिटन्सनेही ते सोडले. तोवर अवघ्या पाऊण इंची शिपायांच्या पेट्या एअरफिक्सने बाजारात आणल्या होत्या. एका पेटीत चाळीसएक शिपाई निघत. शिपाई इतका स्वस्त झाला की तो हरवला तरी मुलाला मार बसू नये. एका अर्थाने हे लोकशाहीकरणच होते. पण वस्तू स्वस्त झाली की तिच्यामागचे जीवनही स्वस्त वाटू लागते, हा धोका त्याच्या पोटातच होता.

आपल्या परंपरेत खेळण्याचे काय होते, हेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. छत्तीसगढात पोळ्याच्याच दिवशी पोरा असतो. मराठी पंचांगात जी श्रावणातली अमावास्या, तीच येथे भादोची अमावास्या. महिन्याचे नाव बदलते, दिवस तोच राहतो. मुलांना चाकांचे मातीचे नंदीबैल मिळतात, मुलींना मातीची जाती नि चूल-बोळकी. काही दिवसांत बैलाचे शिंग मोडते, बोळके फुटते आणि माती मातीला मिळते. पश्चिम महाराष्ट्रातल्या दिवाळीतल्या किल्ल्याचेही तसेच. अंगणात दगडमातीचा डोंगर रचावा, त्यावर अळीव पेरावे, मातीचे मावळे उभे करावेत आणि सण सरला की किल्ला मोडून टाकावा. घडवणे, खेळणे आणि विसर्जन हा आपला क्रम आहे. त्यात जपणे नाही. खेळण्याच्या भंगुरतेला आपण दोष मानले नाही. उलट पुढच्या वर्षी नवे घडवण्याचे निमित्त मानले.

या दृष्टीने पाहिले तर काचेचे कपाट परके वाटेल, आणि खेळणे मोडू न देणे हाच त्याचा अपमान आहे, असे कोणी म्हणेल. परंतु हा आक्षेप पुरता टिकत नाही. मातीचा बैल मोडून मातीत जातो, भंगाराचे लोखंड पुन्हा भट्टीत जाऊन पोलाद होते, शिशाचा शिपाईदेखील वितळवता येतो. पॉलिथीनच्या शिपायाला मात्र अशी सहज मुक्ती नाही. तो गटारात, उकिरड्यावर, शेताच्या बांधात वर्षानुवर्षे पडून राहतो. विसर्जनाची नीती ज्या द्रव्याला लागू होती, ते द्रव्यच बदलले आहे. जे नाहीसे होणार नाही, त्याची काळजी कोणी तरी घेणे हा शहाणपणाचाच भाग ठरतो. गंमत अशी की हे अविनाशी द्रव्य आकृती म्हणून मात्र टिकाऊ नाही. काही दशकांनी मऊ पॉलिथीन कडक होते, त्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि बंदुकीची नळी बोट लागताच तुटते. रूप जाते, कचरा राहतो. संग्राहकाची झुंज असते ती या रूपासाठी.

तरीही खरा पेच पुढे आहे. संग्राहकांच्या बाजारात सर्वांत अधिक मोल असते ते न उघडलेल्या पेटीला. ज्या शिपायाला कोणी हात लावला नाही, जो कधी वाळूत पुरला गेला नाही, ज्याची संगीन कोणी दातांनी चावली नाही, तो श्रेष्ठ. आणि ज्याच्यावर एखाद्या मुलाने पावसाळ्याची सारी दुपार घालवली, तो सदोष. हा विचार क्षणभर तपासला तर त्यातली विपरीतता ध्यानात येते. न वाचलेला ग्रंथ हा सर्वोत्तम ग्रंथ किंवा न गायलेला राग हा सर्वोत्तम राग, असे आपण म्हणणार नाही. बोदलेर या फ्रेंच कवीने १८५३ साली खेळण्यांवर लिहिलेल्या निबंधात, मूल खेळणे फोडते तेव्हा ते त्याचा आत्मा शोधत असते, असा विचार मांडला होता. बंद पेटीतल्या शिपायाचा आत्मा कोणी शोधलाच नाही. तो खेळणे होऊ शकला नाही, विकाऊ माल मात्र राहिला. म्हणून संग्राहकाने काय जपावे याचे पहिले उत्तर असे देता येईल की त्याने झीज जपावी. चावलेली संगीन हा त्या वस्तूचा दोष नसून तिचे चरित्र आहे. एका अनाम मुलाने तिला जो अर्थ दिला, त्याची तेवढीच खूण उरली आहे. ती पुसून नवा रंग चढवणारा संग्राहक वस्तू वाचवतो आणि साक्ष बुडवतो.

आता दुसरा प्रश्न, युद्धाचा. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली शिशाच्या शिपायांशी खेळायच्या लढाईवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचा युक्तिवाद असा होता की माणसांना लढाईची हौस असेल तर ती या जमिनीवरच्या लढाईत भागवावी. येथे कोणी विधवा होत नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध टळले नाही, हे खरे; पण खेळामुळे ते झाले, असे म्हणणेही तितकेच भाबडे ठरेल. युद्धे साम्राज्यांच्या लोभातून, भीतीतून आणि हिशेबातून होतात. मुलाच्या खेळातली हिंसा त्या मानाने प्रामाणिक असते. त्यात मेलेला शिपाई संध्याकाळी पुन्हा उठतो, आणि मुलाला ठाऊक असते की खरा माणूस उठत नाही. हे ज्ञान शाबूत आहे तोवर खेळ निष्पाप आहे.

कपाटात मात्र हा खेळही थांबलेला असतो. तेथे जर्मन आणि रशियन, जपानी आणि अमेरिकन एकाच फळीवर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. हे दृश्य पाहून विश्वशांतीची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि त्या मोहापासून सावध राहणे आवश्यक आहे. ही शांती समेटाची नव्हे, विस्मृतीची आहे. शत्रू मित्र झालेले नाहीत, केवळ कोणाची बाजू घ्यायची हा प्रश्न उरलेला नाही. लाल सेनेच्या स्वाराची टोपी आणि जर्मन सैनिकाचे शिरस्त्राण हे जेव्हा केवळ आकाराचे आणि दुर्मीळतेचे विषय होतात, तेव्हा संग्राहक मुलापेक्षाही युद्धापासून दूर गेलेला असतो. मुलाला निदान कोण जिंकावे याची चिंता असते.

या विस्मृतीचा एक दाखला आपल्या फार जवळचा आहे. आठव्या ब्रिटिश सेनेचे शिपाई एअरफिक्सने काढले आणि ते जगभर खपले. त्या सेनेत हिंदी डिव्हिजन्स होत्या. तिच्यातच लढताना कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले सोबती कोसळल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून नेले. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांना तो मरणोत्तर. खेळण्याच्या पेटीतली आठवी सेना मात्र एका साच्याची, एका चेहऱ्याची आहे. शिशाच्या काळात ब्रिटन्सने हिंदी घोडदळाचे स्वार काढले होते, पण तेही साम्राज्याच्या मिरवणुकीची शोभा म्हणून. संग्रहात काय आहे याबरोबरच काय नाही, हे जाणणे म्हणूनच संग्राहकाचे कर्तव्य ठरते. आपल्या फळीवरची रिकामी जागा ज्याला दिसत नाही, त्याने इतिहास जमवला नाही, फक्त माल जमवला.

आणि शिपायाच्या पायाखालच्या पट्टीवर आणखी एक रिकामी जागा असते. तेथे देशाचे वा कंपनीचे नाव उमटलेले असते. साचा कोरणाऱ्याचे किंवा रंगाचा ठिपका देणाऱ्या हाताचे नाव नसते. कामगारांच्या गावात वाढलेल्या माणसाला ही उणीव चटकन जाणवावी. ज्या गावच्या रुळांवरून सारा देश धावतो, त्या रुळांवरही भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव नसते.

मग संग्रहाचे समर्थन कशात आहे? पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरेल. अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाद्ये अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. त्यांचा मुलगा राजा बालपणीच, वयाच्या सातव्या वर्षी गेला. संग्रहालयाला त्यांनी त्याचेच नाव दिले आणि पुढे तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. हाताळल्याने झिजलेल्या वस्तूंतच त्यांना सौंदर्य दिसले. आणि जे जमवले त्यावरचा हक्क त्यांनी सोडला. मुलाच्या नावाने उभा राहिलेला तो संग्रह मालकीचा राहिला नाही, विश्वस्ताचा झाला.

आपल्याकडे माणूस ऋणे घेऊनच जन्मतो, असे मानले आहे. खेळण्यातले शिपाई जमवणाऱ्यावरही तीन ऋणे असतात, असे म्हणता येईल. पहिले, ज्या मुलाने त्याच्याशी खेळून त्याला अर्थ दिला त्याचे. ते झीज जपून फिटते. दुसरे, ज्या खऱ्या शिपायाची ती प्रतिमा आहे त्याचे. ते त्याची गोष्ट, वगळलेल्यांसह, सांगून फिटते. तिसरे, ज्या हातांनी तो घडवला त्यांचे. ते निदान त्या श्रमाची जाणीव ठेवून फिटते. ही तिन्ही ऋणे ओळखणारा संग्राहक आपल्या कपाटाला कुलूप लावणार नाही. जो शिपाई दुर्मीळ नाही, तो तो शेजारच्या मुलाच्या हाती देईल, आणि त्याने तो मोडला तरी हळहळणार नाही. कारण त्या क्षणी वस्तू एक कमी झालेली असते, पण तिचा मूळचा धर्म तिला परत मिळालेला असतो.