अकरा मिनिटांची उत्तरपत्रिका

माणसाने जन्माला येऊन एकदा तरी मालक व्हावं, अशी माझी फार जुनी इच्छा. बँकेत वीस वर्षं दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्या माणसाला अशा इच्छा होतात. ती गेल्या मार्चमध्ये पुरी झाली. मी एकदम 23 अमेरिकन बेसबॉलपटूंचा मालक झालो. सौ.ला ही बातमी दिली तेव्हा ती म्हणाली, "बरं. गॅसचं बिल भरलंत का?"

त्याचं असं झालं. माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. तो आणि त्याचे सात दोस्त मिळून एक खेळ खेळतात. त्यातल्या एकाला यंदा जुळं झालं, त्यामुळे जागा रिकामी पडली. "मामा, तुम्ही बी.कॉम. आहात. हा सगळा आकड्यांचाच मामला आहे," असं म्हणून भाच्याने मला आत ओढलं. बेसबॉलबद्दल माझं ज्ञान एवढंच, की दांडका गोल असतो. पण बी.कॉम.ची कुणी आठवण काढली की मला नाही म्हणवत नाही. ती तशी कुणी काढतही नाही.

हा खेळ 1980 साली न्यूयॉर्कमध्ये रीतसर सुरू झाला. डॅनियल ओक्रेंट नावाचे एक लेखक-संपादक आणि त्यांची मित्रमंडळी 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाच्या खाणावळीत जमत, म्हणून त्याचं नाव रोटिसरी. (आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात एवढी मंडळी जमली, पण त्यातून फक्त चहाची उधारी निघाली.) प्रत्येकाला 260 काल्पनिक डॉलर मिळतात, त्यांत लिलावात बोली लावून 23 खरे खेळाडू घ्यायचे. मग ते खेळाडू खऱ्या मैदानात जे काही दिवे लावतील, त्यांचा उजेड आपल्या खात्यावर जमा. आमच्यात खऱ्या पैशांचा संबंध नाही. शेवट येणाऱ्याने बाकीच्यांना भेळ द्यायची, बस्स.

हंगाम मार्चअखेर सुरू होतो. 31 मार्च म्हणजे काय, हे बँकवाल्याच्या बायकोला विचारा. इकडे वर्षअखेरचे ताळे जमवायचे आणि तिकडे चौदा फलंदाज, नऊ गोलंदाज सांभाळायचे. त्यांचे संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतात. मी दूधवाल्याच्या आधी उठू लागलो.

माझ्या संघात एक फलंदाज होता. त्याचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याला संसार असेल. कोवळा पोरगा, एका डॉलरला मिळालेला. पहिल्या दहा दिवसांत 35 पाळ्या, 4 हिट. म्हणजे सरासरी .114. बेसबॉलमध्ये शंभरात तीसदा यश मिळवणारा मोठा मानतात, हे इथे सांगायला हवं. आपल्याकडे पस्तीसला पास, तिथे तिसाला देव. पण अकराला मात्र कुठेच काही नाही. एके दिवशी पहाटे, एका हातात दंतमंजन आणि दुसऱ्या हातात फोन असताना, मी त्याच्या नावासमोरची वजाबाकीची खूण दाबली. "खात्री आहे?" असं फोनने विचारलं. मी 'हो' दाबलं आणि चूळ भरली. ज्या मनुष्याने उभ्या जन्मात शिपायालाही "चहा गार आहे" असं खणखणीत सांगितलं नाही, त्याने पंधरा सेकंदांत एकाला नोकरीवरून काढलं! चहा त्या दिवशी विशेष गोड लागला.

संध्याकाळी भाच्याचा फोन. "मामा, काय केलंत? एप्रिलमध्ये घाबरायचं नसतं." मग त्याने माझा वर्ग घेतला. हंगाम 162 सामन्यांचा. दहा सामने म्हणजे सहा टक्के. तीन तासांच्या पेपरात अकरा मिनिटं झाल्यावर उत्तरपत्रिका ओढून घेऊन नापास करण्यासारखं हे आहे. मी कागदावर हिशेब केला. चांगल्या चालीचा, चारात एक हिट मारणारा फलंदाज घेतला, तरी निव्वळ नशिबाने शंभरात चारजणांच्या वाट्याला 35 पाळ्यांत चार किंवा त्याहून कमी हिट येतातच. आमच्या आठ संघांत मिळून फलंदाज 112. म्हणजे काही न बिघडता चार-पाचजण असे निघणारच.

भाच्याकडे दाखल्यांचा साठा मोठा. 1994 साली शिकागो कब्जच्या टफी ऱ्होड्सने हंगामाच्या पहिल्याच दिवशी तीन होम रन मारले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. उरलेल्या अख्ख्या हंगामात त्याने मारले पाच. उलट विली मेज. 1951 साली न्यूयॉर्क जायंट्समध्ये वीस वर्षांचा पोरगा आला, पहिल्या बारा पाळ्यांत शून्य. तेराव्या पाळीला होम रन, मग पुन्हा सगळा दुष्काळ. 26 पाळ्यांत 1 हिट! पोरगा रडला, मला परत खालच्या संघात पाठवा म्हणाला. लिओ ड्युरोशर हे व्यवस्थापक तसे तोंडाचे फटकळ, पण त्यांनी त्याला हलवलं नाही. पुढे त्या मेजने आयुष्यात 660 होम रन मारले.

ऐकायला छान वाटतं. पण मेजची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती तो मेज झाला म्हणून. 26 पाळ्यांत 1 हिट मारून घरी गेले आणि घरीच राहिले, अशांची नावं भाच्यालाही सांगता आली नाहीत. शिवाय 2006 साली डेट्रॉइटच्या क्रिस शेल्टनने एप्रिलमध्ये दहा होम रन मारले आणि जुलैअखेर त्याची रवानगी खालच्या संघात झाली. थांबा म्हणणं सोपं असतं, कशासाठी थांबलो ते सप्टेंबरात कळतं.

आणि मग मला माझ्याच यादीत एक गंमत दिसली. माझा दुसरा एक फलंदाज, 38 डॉलरचा, त्याचेही 36 पाळ्यांत 5 हिट होते. तोही बुडीत खात्यातलाच! त्याच्या वजाबाकीच्या खुणेकडे माझं बोट गेलंच नव्हतं. का? तर त्याचे 38 डॉलर मोजले होते. तेही खोटे!

भाचा म्हणाला, "त्याचा दहा वर्षांचा रेकॉर्ड आहे, मामा." खरं आहे. 2009 साली डेव्हिड ऑर्टिझने 20 मेपर्यंत एकही होम रन मारला नव्हता. तरी त्याला खेळवत राहिले आणि वर्षाअखेर त्याचे 28 झाले. आमच्याकडेही तेच. जुन्या खातेदाराच्या चेकला पैसे कमी पडले तर आम्ही फोन करतो, "अण्णा, दुपारपर्यंत भरा." नव्याचा चेक निमूट परत. व्यवहार म्हणून हे बरोबर आहे. पण ज्याला दहाव्या दिवशी काढला, त्याने रेकॉर्ड करायचा कुठे? माझ्या मोरीत?

हे सगळं मी विसरलोही असतो. पण त्याच आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्याकडे कॅशला एक नवा मुलगा आला होता, लातूरकडचा. प्रोबेशनवर. पंधरा दिवसांत दोनदा त्याची कॅश शॉर्ट. एकदा पाचशे, एकदा दोन हजार. दोन्ही वेळा त्याने खिशातून भरले. पगार अजून पहिलाही झाला नव्हता.

"तुम्ही शेजारच्या काउंटरला बसता," साहेब म्हणाले. "तुमचं काय मत? वर काय कळवू?"

समोर वजाबाकीची खूण नव्हती एवढंच. मी म्हणालो, "साहेब, पंधरा दिवस म्हणजे अकरा मिनिटं." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच प्रोबेशनवर आहे. मग मी त्यांना विली मेज सांगितला. साहेब म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण तोवर ह्याची कॅश रोज संध्याकाळी दुसऱ्यांदा कोण तपासणार?"

ड्युरोशरला हा प्रश्न कुणी विचारला होता की नाही, कोण जाणे. मी खिडकीबाहेर पाहिलं. माझी लोकल 6.12ची. ती चुकली की 6.40ची, आणि 6.40ला बसायला मिळणं म्हणजे .114. हे सगळं मनात येऊनही मी "मी तपासतो" म्हणालो, ते शौर्याने नव्हे. पहाटेच्या त्या चुळीची चव अजून तोंडात होती.

माझा तो एक डॉलरवाला भाच्यानेच उचलला. पुढच्या आठवड्यात त्याने दोन होम रन मारले. अडतीसवाला अजून तसाच आहे. भेळेसाठी मी पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.

काल संध्याकाळी मुलगा बंडलं बांधून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"किती?" मी विचारलं.

"पाचशे."

"शॉर्ट?"

"नाही सर. जास्त आलेत."

कॅशमध्ये जास्त येणं ही कमी येण्याइतकीच चूक. कुणा तरी आजीबाईंचे असणार, त्या उद्या दारात उभ्या. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पिशवी पुन्हा टेबलाखाली ठेवली.

"बस," मी म्हणालो. "शंभराच्या नोटांपासून पुन्हा मोज."