हौसेचे शस्त्र

गुडगावचे नाव २०१६ साली गुरुग्राम झाले. हे नवे नाव पडले की जुनेच परत मिळाले, हा वाद आपण बाजूस ठेवू. पांडवांनी हे गाव द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणा म्हणून दिले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. आणि त्याच परिसरातील खांडसा गावात एकलव्याचे देऊळही दाखवितात. शस्त्रविद्येचा गौरव आणि त्या विद्येपायी तुटलेला अंगठा, ह्या दोन्हींची आठवण एकाच भूमीने जपावी, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. आज तेथे काचेचे उंच मनोरे उभे आहेत, आणि त्यांच्या छायेत चाकरीनिमित्त उत्तरेस आलेली व निवृत्तीनंतर तेथेच राहिलेली मराठी कुटुंबेही आहेत. अशा मंडळींत शस्त्राचा विषय वरचेवर निघतो. कारण त्या बाजूस शस्त्र ही घरातली वस्तू आहे. आपल्याकडे ती बहुधा देव्हाऱ्यातली किंवा संग्रहालयातली असते.

प्रश्न असा आहे: एखाद्या सज्जन, सुशिक्षित आणि कोणाचेही अनिष्ट न चिंतणाऱ्या गृहस्थाने केवळ हौसेखातर एक जुने रिव्हॉल्व्हर विकत घ्यावे आणि त्याचा आनंद उपभोगावा, ह्यात नीतीच्या दृष्टीने काही वावगे आहे काय? कायद्याचा परवाना आहे असे आपण गृहीत धरू. परवाना मिळाला म्हणजे नीतीचा प्रश्न संपतो असे नाही. किंबहुना तो तेथून सुरू होतो.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक विशिष्ट शस्त्रच डोळ्यांसमोर ठेवू. स्मिथ अँड वेसन ह्या अमेरिकन कारखान्याच्या संस्थापकांपैकी एकाचा पणतू डॅन वेसन ह्याने १९६८ साली मॅसॅच्युसेट्समधील मॉन्सन येथे स्वतःचा कारखाना काढला. कार्ल लुईस नावाच्या कल्पक कारागिराच्या रचनेवरून तेथे निघालेल्या रिव्हॉल्व्हरांचे वैशिष्ट्य असे, की त्यांची नळी मालकाला स्वतः बदलता येते. इतर रिव्हॉल्व्हरांची नळी सांगाड्यात घट्ट आवळलेली असते. ती काढणे हे कारागिराचे काम. येथे मात्र पुढच्या टोकाचा नट एका पान्याने सैल केला, की वरचे आवरण निघते आणि नळी हाताने फिरवून काढता येते. कारखाना एका पेटीत अडीच, चार, सहा आणि आठ इंचांच्या नळ्या घालून विकत असे. सांगाडा एक, नळ्या चार.

नळी बसविताना ती आणि काडतुसांचे फिरते चक्र ह्यांमध्ये किती फट ठेवावयाची, हे मोजण्यासाठी धातूची एक पातळ पट्टी मिळते. फट कमी राहिली तर चक्र घासून अडते. जास्त राहिली तर वायू निसटून गोळीचा जोर उणावतो. शिवाय ही नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी दोन्ही टोकांना धरून ताणलेली असते, आणि ह्या ताणामुळेच नेम अचूक लागतो असे जाणकार सांगतात. धातूच्या आकृत्या लांबून पाडण्याच्या शर्यती अमेरिकेत सुरू झाल्या, तेव्हा ह्या रिव्हॉल्व्हरांचा बोलबाला झाला तो ह्याच गुणामुळे. आपल्या देशात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे जी परदेशी शस्त्रे पूर्वीच येथे आली, तीच हातोहाती फिरतात, आणि जितकी जुनी होतात तितकी महाग होतात.

आता अशी पेटी उघडून बसलेल्या माणसाचा आनंद खोटा आहे असे कोण म्हणेल? पोलादावरील निळसर झाक, पट्टीने जोखलेली ती केसाएवढी फट, एका हाताने दुसऱ्या हातासाठी केलेल्या चोख कामाची ती साक्ष! पुण्याच्या केळकर संग्रहालयात आपण दिवे आणि अडकित्ते पाहतो, तेव्हा जो आनंद होतो त्याच जातीचा हा आनंद आहे. कारागिरीवर प्रेम करणे हे संस्कृतीचेच लक्षण होय. जे लोक शस्त्राच्या प्रत्येक शौकिनाला मनातून हिंसक ठरवितात, ते आमच्या मते अन्याय करतात.

परंतु अडकित्ता आणि रिव्हॉल्व्हर ह्यांत एक भेद आहे, आणि तो केवळ धोक्याचा नाही. सुपारी कातरली जात असल्याची कल्पना न करताही अडकित्त्याच्या नक्षीवर खूष होता येते. अचूक नेमाचे कौतुक मात्र नेम कशावर धरला आहे ह्याची कल्पना केल्यावाचून पुरे होत नाही. ते लक्ष्य कागदाचे असू शकेल; पण मनात काहीतरी समोर उभे राहावेच लागते. म्हणून शस्त्राच्या शौकिनाने स्वतःला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की आपल्या मनासमोर कोण उभे आहे?

ह्या प्रश्नाचे उत्तर टाळण्याची सोय आपल्या व्यवहाराने फार सुरेख करून ठेवली आहे. वाचकांपैकी काहींनी जिल्ह्याच्या जागेवर असताना शस्त्रपरवान्याच्या अर्जांवर शेरे लिहिले असतील. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमाने साधी बंदूक संरक्षणासाठी अथवा शिकारीखेळासाठी, किंवा लहान बोअरची रायफल नेमबाजी मंडळाच्या सभासदाला सरावासाठी, अशी काही कारणे नावानिशी सांगितली. आणि इतर सर्व बाबतींत अर्जदारापाशी ‘चांगले कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे असे म्हटले. रिव्हॉल्व्हर ह्या ‘इतर’ बाबतींत येते. ‘मला ते सुंदर वाटते’ हे कारण लिहिणारा अर्जदार विरळाच. बहुतेकांच्या अर्जात आत्मसंरक्षण हेच कारण असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसापाशी असावयाच्या शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आली, तेव्हा वाढीव शस्त्र सोडण्याची पाळी आलेल्या शौकिनांना केवढे दुःख झाले असेल ह्याची कल्पना करता येते. परंतु ते दुःख संरक्षण उणे झाल्याचे खचितच नव्हते.

आमचा आक्षेप आहे तो येथे. संग्रह, खेळ आणि संरक्षण ही तिन्ही कारणे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. पण शौकीन माणूस ती रिव्हॉल्व्हरच्या नळ्यांसारखी बदलत राहतो. अधिकाऱ्यासमोर तो संरक्षणाची नळी चढवितो, मित्रांसमोर संग्रहाची, पत्नीने काळजी दाखविली की खेळाची, आणि पार्किंगच्या जागेवरून शेजाऱ्याशी हमरीतुमरी झाली म्हणजे पुन्हा पहिली. नळी बदलली तरी सांगाडा तोच राहतो, आणि तो सांगाडा म्हणजे शस्त्र जवळ असल्याचे सुख. हे सुख पोलादाच्या सौंदर्याचे नाही. दुसऱ्यावर आपला वचक बसतो ह्या जाणिवेचे आहे. त्याला स्वतःचे नाव नाही, म्हणूनच ते तिघांची नावे घेऊन वावरते.

ह्याचे ओंगळ रूप पाहावयाचे असेल तर दिल्लीच्या आसपासच्या लग्नांच्या वराती आठवाव्यात. आनंदाच्या भरात आकाशात झाडलेल्या गोळ्यांनी कधी पाहुणा, कधी वाजंत्री, कधी प्रत्यक्ष नवरदेव मेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीत अशा हर्षाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगावी लागली. ते गोळी झाडणारे कोणाचे शत्रू नव्हते. तेही शस्त्राचा आनंदच उपभोगीत होते. आमचा सुसंस्कृत शौकीन त्यांना हसेल. पण त्यांच्या आणि त्याच्या आनंदात जातीचा फरक आहे की केवळ रीतभातीचा, हे त्याने एकदा स्वतःशी तपासून पाहावे.

ह्या प्रश्नावर आपल्या परंपरेत जी सर्वांत मार्मिक गोष्ट आहे, ती वाल्मीकीने सीतेच्या तोंडी घातली आहे. अरण्यकांडात राम दंडकारण्यात शिरत असताना ती त्याला सांगते, की एका वनात एक तपस्वी राहत असे. इंद्र योद्ध्याच्या वेषाने आला आणि आपले खड्ग त्याच्याजवळ ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळली पाहिजे ह्या कर्तव्यबुद्धीने तो तपस्वी फळेमुळे आणावयास जातानाही ते खड्ग बरोबर नेऊ लागला. आणि नित्य सहवासाने हळूहळू त्याची बुद्धी क्रूर होऊन शेवटी तो नरकात गेला. ह्या गोष्टीत तपस्व्याला शस्त्राची हौस नव्हती, रागही नव्हता. त्याचा हेतू तर आपणां नोकरदार माणसांना फार जवळचा वाटावा असा होता: दुसऱ्याची वस्तू जबाबदारीने जपणे. तरीही सहवासाने आपले काम केले. हेतू शुद्ध आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, हे सीतेचे सांगणे.

राम तिचे म्हणणे हसण्यावारी नेत नाही. त्याचे उत्तर असे, की पीडितांचा आक्रोश ऐकू येऊ नये म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धरतात, आणि दंडकारण्यातील ऋषींना आपण रक्षणाचे वचन दिले आहे. रामाने दिलेले कारण एकच आहे, ते दुसऱ्यासाठी आहे, आणि त्याची किंमत चुकविण्याची त्याची तयारी आहे. हौसेचा त्यात लवलेशही नाही. दोघांची बाजू एकत्र वाचली म्हणजे आम्हांस असे वाटते, की शस्त्र जवळ बाळगावयाचेच तर एक कारण निवडावे आणि त्या कारणाचे बंधन पत्करावे.

संग्रह हे कारण असेल तर शस्त्र निकामी करून घ्यावे. जे जुने शस्त्र दुरुस्त करूनही झाडता येत नाही, त्याला अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमाने सूटच दिली आहे. पोलादाचे सौंदर्य त्याने तसूभरही कमी होत नाही; आणि कमी झाल्यासारखे वाटले, तर आपले प्रेम कशावर होते ते आपोआप कळेल. खेळ हे कारण असेल तर शस्त्राची जागा नेमबाजीच्या मैदानावर आहे, उशाशी नाही. गुरुग्रामहून फार दूर नाही असे तुघलकाबादचे कर्णी सिंग मैदान १९८२ च्या आशियाई खेळांसाठी उभारले गेले. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत पिस्तुलाने सुवर्णपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील रेल्वेचे नोकर स्वप्निल कुसाळे ह्यांनी २०२४ साली पॅरिसला रायफलीने कांस्यपदक आणले. त्यांचे नेम कागदावर लागले आणि कोणालाही त्यांचे भय वाटले नाही. श्वास आवरणे, मन एकाग्र करणे, चुकलेला नेम निमूटपणे मान्य करणे, ही एक साधना आहे, आणि तिच्यातला आनंद निखळ आहे. आणि संरक्षण हेच खरे कारण असेल, तर त्यात आनंद कसला? आग विझविण्याचे नळकांडे कोणी पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत नाही.

आणखी एक विचार उरतो. जुन्या वस्तूचे मोल तिच्या पूर्वीच्या हातांमुळे वाढते. परंतु शस्त्राच्या बाबतीत पुढच्या हातांचाही हिशेब ठेवावा लागतो. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत ज्याने गांधीजींचा प्राण घेतला, ते बेरेटा पिस्तूल इटलीत घडले होते. कित्येकांच्या हातांतून फिरत ते ग्वाल्हेरला पोचले, आणि तेथून एका मराठी माणसाच्या खिशातून बिर्ला भवनात गेले. ज्या कारागिराने ते घासूनपुसून तयार केले त्याला ह्याची कल्पना नव्हती. मधल्या मालकांनाही नसेल. चांगले केलेले पोलाद शंभर वर्षे टिकते, माणूस तेवढा टिकत नाही. त्या दृष्टीने पाहता शस्त्राचा कोणीच मालक नसतो. प्रत्येकजण त्या तपस्व्यासारखा मधल्या काळापुरता ठेव सांभाळणारा असतो.

आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य बदल्यांत गेले. सामान एका गावी, मुले दुसऱ्या गावी, कागदपत्रे तिसऱ्या ठिकाणी, असा आपला संसार. अशा घरात गृहस्थ अकस्मात गेला आणि कपाटात चार नळ्यांची एक पेटी निघाली, तर मागे राहिलेल्या बाईने काय करावे? अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत सुट्या भागांचाही समावेश आहे. तेव्हा प्रत्येक नळी ही कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच होय. परवान्याचा माणूस नाहीसा झाला, की ती सारी पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात, हे तिला कोणी सांगितले असेल काय? खंडेनवमीला आपण शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतो, आणि दुसऱ्या दिवशी ज्या शमीचे पूजन करतो तिच्यावर पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे ठेवली होती. ती ठेवताना त्यांनी झाडाला एक प्रेतही बांधले आणि आमची म्हातारी आई आहे असे गुराख्यांना सांगितले. आपल्या पाठीमागे ते धनुष्य कोणाच्या हाती लागू नये, ही काळजी त्यांनी वाहिली होती.

म्हणून जो गृहस्थ ती पेटी घेऊ इच्छितो, त्याला आम्ही नाही म्हणणार नाही. त्याने आपले एक कारण निवडावे, त्याचे बंधन पाळावे, आणि पेटी घरी येण्यापूर्वी आपल्यामागे ती कोणाच्या स्वाधीन व्हावयाची ते लिहून पत्नीच्या हाती द्यावे. हा कागद लिहिताना ज्याचा हात अडखळेल, त्याने ती खरेदी तूर्त लांबणीवर टाकावी, हे बरे.