मत ही साक्ष, यादी ही अमानत



उरणजवळच्या द्रोणागिरी नोडमध्ये आज राहणारी अनेक कुटुंबे रोजगारासाठी दूरदूरच्या गावांहून आलेली आहेत. जवळच न्हावा-शेवा बंदर आहे, त्याच्या आधाराने वाढलेली गोदामे आहेत, आणि जानेवारी २०२४ पासून लोकल गाडीही उरणपर्यंत येऊ लागली आहे. अशा नव्या वस्तीत एक गोष्ट सहज घडते. मतदार म्हणून नाव येथे नोंदवले जाते आणि गावच्या यादीतही तसेच राहते. "राहू द्या, कोणाचे काय बिघडते?" असे आपण म्हणतो.

बिघडते ते असे. एकाच व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत असू नये, असे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १७ वे कलम सांगते. मागे राहिलेल्या नावावर दुसराच कोणी मत टाकून जाऊ शकतो. निवडणुकीत हस्तक्षेप म्हटले की आपल्याला बलाढ्य शक्ती व गुप्त यंत्रणा आठवतात. परंतु त्यांच्यासाठी दार पुष्कळदा आपणच उघडे ठेवलेले असते.

मत म्हणजे काय, याचा विचार आपल्या उलेमांनी केला आहे. मत देणारा मनुष्य 'हा उमेदवार या जबाबदारीस पात्र आहे' अशी साक्ष देत असतो. साक्ष लपवू नये, न्यायासाठी स्वतःविरुद्धही साक्ष देण्यास उभे राहावे, ही दिव्य कुरआनची शिकवण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खोट्या साक्षीची गणना महापापांत केली, आणि लाच देणारा व घेणारा दोघांचाही धिक्कार केला. म्हणून दुसऱ्याच्या नावाने दिलेले मत ही खोटी साक्ष, आणि पाकीट घेऊन दिलेले मत ही विकलेली साक्ष होय.

'एका मताने काय होणार?' असे म्हणणाऱ्याने २०२४ साल आठवावे. लोकसभेला वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला आणि विधानसभेला मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. दोन-चार इमारतींतील मतदारांएवढी ही संख्या आहे.

मात्र खरी कसोटी पुढेच आहे. गैरप्रकार आपल्या विरोधात झाला, तर आपण तक्रार करतोच. तो आपल्या बाजूने झाला तर? आपल्याला न आवडणाऱ्या वस्तीतील मतदारांविरुद्ध, त्यांनी घर सोडले असे खोटेच लिहून, नाव वगळण्याचा सात क्रमांकाचा अर्ज कोणी भरत असेल, तर आपण बोलणार की गप्प राहणार? असे खोटे निवेदन हा ३१ व्या कलमान्वये गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद असलेला. परंतु श्रद्धावंताला रोखणारी गोष्ट कायद्याच्याही आधीची आहे. मक्केतील ज्या लोकांनी प्रेषितांच्या (स.) हत्येचा कट रचला, त्यांच्याही ठेवी प्रेषितांकडेच होत्या. हिजरतीच्या रात्री त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. शत्रूची अमानतही अमानतच असते. मग आपल्या विरोधकाचे मत आपल्यासाठी अमानत नाही काय?

म्हणून आपले कर्तव्य घरापासून सुरू होते. नवीन पत्त्यावर आलेल्यांनी आठ क्रमांकाचा अर्ज भरून नाव स्थलांतरित करावे. मृत आप्ताचे नाव आपण होऊन कमी करवून घ्यावे. यादीचे प्रारूप प्रसिद्ध होताच ते वाचावे, आणि अशिक्षित शेजाऱ्याचे नावही शोधून द्यावे, मग तो कोणत्याही धर्माचा व पक्षाचा असो. आपल्या नावाने कोणी आधीच मत दिले असेल, तर निराश होऊन परतू नये. ओळख पटवून 'प्रदत्त मत' देण्याचा हक्क नियमांनी दिला आहे. ज्यांना शक्य आहे, त्यांनी मतदान प्रतिनिधी व्हावे. मतदानापूर्वीची चाचणी पाहावी, आणि शेवटी नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची १७-सी ही प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. आणि मोबाइलवर आलेली निवडणुकीची बातमी शहानिशा केल्यावाचून पुढे पाठवू नये, कारण ऐकीव वार्तेची खातरजमा करणे हाही कुरआनचाच आदेश आहे.

मतदान कक्षात आपल्याला कोणी पाहत नाही, ही व्यवस्था कायद्याने केली आहे. त्या एकांतातही अल्लाह पाहत असतो, ही जाणीव मात्र आपल्यालाच जागी ठेवावी लागेल.