तेच आंबे, तोच चित्रपट

दोन इमारतींच्या गच्च्यांमध्ये फट आहे आणि पोरं तिच्यावरून उड्या मारत आहेत. कॅमेरा खाली जमिनीवर. त्यामुळे दिसते ती वर आभाळाची एक पट्टी आणि तिच्यात क्षणभर तरंगणारं पोर. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतलं हे दृश्य चार्ल्स बर्नेट यांच्या 'किलर ऑफ शीप' या चित्रपटातलं आहे.

बर्नेट मिसिसिपीत जन्मले आणि वॉट्समध्ये वाढले. ऑगस्ट १९६५मध्ये ही वस्ती दंगलीत सहा दिवस पेटली होती, ३४ माणसं गेली. बाहेरच्यांना वॉट्स ठाऊक होतं ते तेवढ्यापुरतंच. यूसीएलए विद्यापीठात सिनेमा शिकणाऱ्या बर्नेट यांनी पदवीसाठी याच वस्तीवर चित्रपट केला. शनिवार-रविवारी चित्रीकरण, १६ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म, दहा हजार डॉलरच्या आतला खर्च आणि पडद्यावर बहुतेक वस्तीतलीच माणसं. रूढ अर्थाने कथानक नाहीच. स्टॅन कत्तलखान्यात राबतो, त्याला झोप लागत नाही. एकदा तो आणि त्याचा मित्र मोटारीचं जुनं इंजिन विकत घेतात, धापा टाकत जिन्यावरून खाली आणतात, गाडीच्या मागच्या कडेला ठेवतात. गाडी हलताच ते घरंगळून रस्त्यावर पडतं, निकामी होतं. दोघं ते तिथेच टाकून निघून जातात.

१९७७मध्ये चित्रपट पूर्ण झाला. १९८१मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत नाव लागलं. तरी तो चित्रपटगृहात लागू शकला नाही, कारण गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. पॉल रोब्सन, डायना वॉशिंग्टन अशा कृष्णवर्णीय गायकांचे आवाज बर्नेट यांनी प्रसंगांखाली घातले होते आणि ती गाणी काढली तर चित्रपटाचा जीवच जाणार होता. अखेर यूसीएलएच्या अभिलेखागारात रॉस लिपमन यांनी मूळ सामग्रीवरून ३५ मिलिमीटरची प्रत सिद्ध केली. २००७मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा नुसत्या गाण्यांच्या हक्कांना सुमारे दीड लाख डॉलर पडले. शेवटच्या प्रसंगातलं डायना वॉशिंग्टन यांचं 'अनफरगेटेबल' मात्र मिळालं नाही. तिथे त्यांचंच 'धिस बिटर अर्थ' दुसऱ्यांदा वाजवावं लागलं. २०२५च्या नव्या आवृत्तीत मूळ गाणं परतलं.

आता यातला 'किलर ऑफ शीप' कोणता? मूळ फिल्म अ‍ॅसिटेटची. ती कालांतराने आक्रसते आणि तिला व्हिनेगरचा उग्र वास सुटतो. थंडीत ठेवून हा ऱ्हास लांबवता येतो, टाळता येत नाही. फिल्म बदलली, आकार बदलला, काही वर्षं शेवटचा सूरही बदलला. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'बद्दलही असाच पेच आहे: उरलेली रिळं १९१३ची की १९१७च्या पुनर्निर्मितीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

हा पेच जुनाच आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. कुजलेली फळी काढून नवी बसवत गेलं, तर जहाज तेच राहतं का? तत्त्वज्ञ हॉब्जने तिला आणखी पीळ दिला. काढलेल्या फळ्या कुणी जपून पुन्हा जोडल्या तर? अभिलेखागारात हा प्रश्न कल्पनेतला उरत नाही. तिथे जुनी रिळं कपाटात असतात आणि नवी प्रत पडद्यावर.

'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला याहून पुढे नेतात. रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तोच असतो का? दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप होतं. ते दूधच म्हणायचं का? तोच नव्हे आणि वेगळाही नव्हे, एकातून दुसरं उपजत जातं, असं ते समजावतात. पण या प्रकरणात खरी कामाची ठरते ती आंब्यांची उपमा. चोर म्हणतो, मी नेलेले आंबे मालकाने लावलेलेच नाहीत, त्याने तर कोय लावली होती. राजा त्याला सोडत नाही. कारण ते आंबे त्या कोयीतूनच आलेले आहेत.

जहाजाच्या गोष्टीत वस्तू तीच का, एवढंच विचारलं जातं. आंब्यांच्या गोष्टीत कोण कुणाचं देणं लागतो, हेही ठरतं. चित्रपटाच्या जतनाला दुसरा प्रश्नच लागू पडतो. पडदाभर उजळलेल्या नव्या प्रतीत वॉट्सचं एकही मूळ रीळ नाही, तरी ती उगवली आहे त्याच रस्त्यांतून, त्याच पोरांच्या चेहऱ्यांतून. म्हणूनच शेवटचं गाणं बदललं तेव्हा ती निव्वळ तांत्रिक तडजोड नव्हती. बर्नेट यांनी वस्तीला दिलेल्या शब्दातला एक शब्द १८ वर्षं हरवला होता. तो परत मिळवण्यासाठी झटणाऱ्यांना हे देणं समजलं होतं, असं मानायला जागा आहे.

गच्चीवरून उडी मारणारी ती पोरं आज साठीच्या आसपास असतील. नव्या प्रतीत त्यांच्या टाचांवरची धूळ अधिक स्पष्ट दिसते.