गाणे कोणाचे?

नाताळच्या उपासनेची गीते निवडण्याचे काम आमच्या मंडळीने माझ्याकडे सोपविले आहे. काम लहानसे, पण दरवर्षी माझी झोप उडवते. गायकवृंदाने चार आवाजांत बसविलेले परदेशी गीत गायिले म्हणजे अंगावर काटा येतो. तेवढा वेळ बाकीची मंडळी मात्र नुसती ऐकत बसते.

१७०६ साली आर्नश्टाट येथील चर्चच्या वरिष्ठांनी वीस वर्षांच्या बाखला बोलावून ठपका ठेवला : ऑर्गनची साथ करताना तुम्ही गीतात भलतेच स्वर मिसळता, त्याने मंडळी गोंधळते. हे प्रथम वाचले तेव्हा त्या अरसिकांना मी मनसोक्त हसलो होतो. आता तितकेसे हसू येत नाही.

गेल्या वर्षी वृंदाच्या हौसेखातर मी रेव्हरंड टिळकांचे भजन वगळले. पुढच्या बाकावरच्या आजींना अक्षरओळख नाही. टिळकांची भजने तेवढी तोंडपाठ. त्या बेसूर गातात, हेही खरेच. त्या दिवशी अखेरपर्यंत ओठ मिटून बसल्या. निघताना म्हणाल्या, "छान झालं हो, बाळा. पण आम्ही कधी गायचं?"

देवाला उत्तम तेच वाहावे, हे माझे मत बदललेले नाही. पण आजींचे गाणे त्यात का बसू नये, हे मला स्वतःलाही पटवून देता येईना.

यंदा भजन यादीत परत घेतले आहे. वृंदातली मुले रुसली आहेत.